गाळ्याचा उतारा

मागच्या महिन्यात मोंढ्याजवळच्या एका हॉटेलात चहा पिता पिता मी एक प्रश्न विचारला आणि अख्खं टेबल गप्प झालं. समोर गाळा विकायला निघालेले गृहस्थ होते, त्यांचा मध्यस्थ होता, आणि निवृत्तीचे पैसे नुकतेच हातात आलेले आमच्या ओळखीचे एक मास्तर होते. भाव तीस लाख. रस्ता, शटरची रुंदी, वरच्या स्लॅबचा हक्क, शेजारी कोण, सगळं बोलून झालं होतं. मी विचारलं, "खर्च-पाणी जाऊन वर्षाला हातात किती उरतं?" मध्यस्थानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू लग्नाच्या बैठकीत मी नवरदेवाला दारू किती पिता असं विचारलं होतं. मग तो हसून म्हणाला, "सर, गाळ्याला कुठं असला हिशोब असतो का? गाळा म्हणजे गाळा. डोळे झाकून घ्यायचा."

डोळे झाकून घ्याव्यात अशा दोनच गोष्टी मला माहीत आहेत: तीर्थ आणि एरंडेल. तीस लाखांचा गाळा दोन्हींत बसत नाही.

हे मत त्या एकट्या मध्यस्थाचं असतं तर लेखणी उचलायची गरज नव्हती. पण माजलगावात डॉक्टर, गुत्तेदार, आडते, शिक्षक, नोकरीनिमित्त पुण्याला गेलेली पोरं, सगळे हेच बोलतात. तेव्हा ते मत आधी पूर्ण ताकदीनं मांडतो. सोपं करून खोडलं असं कुणी म्हणायला नको. एक, जमीन वाढत नाही, माणसं वाढतात, म्हणून भाव चढतच राहणार. दोन, भाडं ही वरकड कमाई, खरी कमाई भावात. तीन, टक्केवारी, कॅप रेट ही मुंबई-पुण्याच्या कंपनीवाल्यांची थेरं, तालुक्याच्या गावाला ती लागू नाहीत. चार, कर्ज काढलं तरी भाड्यातून हप्ता निघतो. पाच, गाळा रिकामा राहिला तरी बिघडतं काय, तो काय भाकरी मागतो? आणि सहावं, जे बीड जिल्ह्यात सगळ्यांत जोरात बोललं जातं: पतसंस्था बुडतात, गाळा बुडत नाही.

सहा वाक्यं. सहाही चुकीची किंवा अर्धवट. आणि सहाही इतक्या आत्मविश्वासानं बोलली जातात की ऐकणाऱ्याला हिशोब विचारायचीच लाज वाटावी.

आधी तो बदनाम शब्द. कॅप रेट म्हणजे फार मोठं शास्त्र नव्हे. वर्षाचं भाडं घ्या. त्यातून रिकाम्या महिन्यांचं भाडं, घरपट्टी, दुरुस्ती, विमा, देखरेख वजा करा. उरलं ते गाळ्याचं निव्वळ उत्पन्न. त्याला गाळ्याच्या किमतीनं भागा, शंभरानं गुणा. झालं. कर्जाचा हप्ता आणि प्राप्तिकर त्यात धरत नाहीत, कारण ती मालकाची दुखणी आहेत, गाळ्याची नव्हेत. शंभर रुपये अडकवले तर गाळा स्वतःच्या पायावर उभा राहून वर्षाला किती रुपये देतो, एवढंच हा आकडा सांगतो. पाचवीतल्या पोराला जमेल असा भागाकार आहे. तो न करण्यासाठी मात्र मोठी माणसं केवढा आटापिटा करतात!

म्हणे ही टक्केवारी आम्हाला परकी. परकी? ज्या भागात उसाच्या कांड्या लावल्यापासून उताऱ्याच्या गप्पा सुरू होतात, त्या भागाला? शेजारी तेलगावला साखर कारखाना आहे, माजलगावच्या धरणाच्या पाण्यावर ऊस उभा आहे. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, ती १०.२५ टक्के उताऱ्याला. त्यापुढं उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलमागं ३.४६ रुपये जास्त. या शून्य पूर्णांक एकसाठी आपण कारखान्याच्या गेटवर ठिय्या देतो, कारखान्यानं उतारा कमी दाखवला म्हणून मंत्र्यांपर्यंत निवेदनं नेतो. शिवाय एफआरपी जाहीर झाली की पहिला प्रश्न काय असतो? "तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात किती?" म्हणजे ढोबळ आणि निव्वळ यातला फरक आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवलेला नाही.

मोंढ्यात या. कापसाची गाडी आली की जिनिंगवाला ओलावा बघतो, मूठभर कापूस हातात घेऊन रुईचा उतारा किती पडेल याचा अंदाज बांधतो. जमीन ठोक्यानं द्यायची तर एकरी किती, हे बांधावरच ठरतं. आणि हातउसने पैसे फिरवणारे सावकार? "शेकडा दोन", "शेकडा तीन" हे त्यांना झोपेतही मोजता येतं. वर्षाचे चोवीस टक्के की छत्तीस, हे सांगायला त्यांना कॅल्क्युलेटर लागत नाही. ऊस गाळला की आपण उतारा विचारतो, कापूस विकला की विचारतो, उसने दिले की विचारतो. गाळा घेताना मात्र तो प्रश्न एकदम पुस्तकी होतो. हे कसं? मी तर कॅप रेटला यापुढं गाळ्याचा उताराच म्हणणार आहे. निदान नावावरून तरी कुणी त्याला परका म्हणू नये.

तरी कुणाला हा प्रकार नवा वाटत असेल तर त्यांनी कोर्टाची पायरी आठवावी. धरण, कालवे, रस्ते यांच्यासाठी जमिनी गेलेल्या माणसांचा हा तालुका आहे. भूसंपादनाच्या खटल्यांत खरेदी-विक्रीचे जुळणारे दाखले नसले की कोर्ट काय करतं? जमिनीचं वार्षिक निव्वळ उत्पन्न काढतं आणि त्याला ठरावीक पटीनं गुणतं. दावणगेरेच्या भूसंपादनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये ही पट दहा धरली. सुरक्षित सरकारी रोख्यांवर त्या काळी मिळणारं व्याज हा त्यामागचा आधार होता. दहापट म्हणजे दहा टक्के उतारा. हाच तो कॅप रेट, फक्त उलटा धरलेला. पुढच्या निकालांत तर ढोबळ उत्पन्नातून निम्म्याच्या आसपास लागवडीचा खर्च वजा करून मग गुणण्याची रीत दिसते. आमच्या काळ्या मातीचं मोल सरकार उत्पन्नाच्या दहापटीत मोजायला लागलं की आपण वकील लावतो, वाढीव मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं झगडतो. आणि आपण स्वतः काँक्रीटच्या दहा बाय वीसच्या खोलीला किती पट मोजतो? चला, मोजूच.

त्या हॉटेलातल्याच गाळ्याचा हिशोब करू. भाव तीस लाख. मुद्रांक, नोंदणी, मध्यस्थी, वीज मीटर, किरकोळ डागडुजी धरून बत्तीस लाख पडतात असं समजू. भाडं महिना बारा हजार. मध्यस्थ म्हणतो, "वर्षाला दीड लाख रुपये घरी बसून." तो बारा हजार गुणिले बारा करतो, वर थोडे पुढं ढकलतो आणि थांबतो. आपण थांबायचं नाही. भाडेकरू बदलतो तेव्हा गाळा रिकामा राहतो. वर्षाकाठी सरासरी एक महिना गेला तर हाती येतात १ लाख ३२ हजार. घरपट्टी आणि इतर पट्ट्या सहा हजार. रंग, शटर, गळती, पाण्याचा निचरा यासाठी दहा हजार बाजूला टाका. यंदा लागले नाहीत तर पुढच्या वर्षी वीस लागतील. विमा दोन हजार. कॉम्प्लेक्सची साफसफाई, जिन्यातला दिवा, करारनाम्याचा खर्च, वसुलीच्या चकरा यांचे चार हजार. बावीस हजार गेले. उरले १ लाख १० हजार. भागिले बत्तीस लाख.

उतारा ३.४४ टक्के.

उलटा धरला तर आपण या गाळ्याला निव्वळ उत्पन्नाच्या एकोणतीस पट मोजले. कोर्टानं शेताला दहापट धरली की अन्याय. आपण गाळ्याला एकोणतीस पट मोजतो आणि पेढे वाटतो!

वरच्या हिशोबातला विम्याचा खर्च अनेकांना फालतू वाटतो. ३० ऑक्टोबर २०२३ ला याच गावात आमदारांचं घर आणि नगर परिषदेची इमारत पेटलेली आपण पाहिली. सप्टेंबर २०२५ ला सिंदफणेचं पाणी कुठवर आलं तेही पाहिलं. गाळा हलत नाही हे खरं, पण आग आणि पाणी त्याच्याकडं चालत येतात. आणि रिकाम्या महिन्याचा खर्च ज्यांना अशुभ वाटतो त्यांनी आपल्या बाजाराचं वर्ष आठवावं. कृषी सेवा केंद्रवाला खरिपात बियाणं-खत उधारीवर देतो आणि कापूस-सोयाबीन निघाल्यावर वसूल करतो. त्याचं भाडं दिवाळीपर्यंत कसं येतं ते मालकांना माहीत आहे. दिवाळीनंतर जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसं बाहेर पडली की कितीतरी गावांचं गिऱ्हाईक महिनोन् महिने तुटतं. बारा हजार गुणिले बारा हा हिशोब ज्या गावात बारा महिने सारखेच जातात त्या गावचा. तसलं गाव मराठवाड्यात तरी माझ्या पाहण्यात नाही.

आता याच्या शेजारी पोस्ट ऑफिस ठेवू. साठी ओलांडलेल्या माणसाला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत पैसे ठेवता येतात. एप्रिल २०२३ पासून २०२५ अखेरपर्यंत तिचा दर ८.२ टक्के राहिला. तीस लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे दर तिमाहीला साडेएकसष्ट हजार. शटर नाही, गळती नाही, "या महिन्यात जरा अडचण आहे सर" नाही. आमच्या मास्तरांच्या हातात हाच पर्याय होता. दुप्पटीहून जास्त उत्पन्न सोडून निम्म्यापेक्षा कमी उत्पन्न घ्यायला त्यांना सांगणारा मध्यस्थ शहाणा आणि हिशोब विचारणारा मी खोडसाळ!

इथं पलीकडून हुकमाचा पत्ता पडतो: "पोस्टातले पैसे तेवढेच राहतात, गाळ्याचा भाव वाढतो." भाड्यावर करात तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते, भाडंही थोडंफार वाढतं, या दोन्ही गोष्टी मी मान्य करतो. पुढं? पोस्टाच्या ८.२ आणि गाळ्याच्या ३.४४ मधली पावणेपाच टक्क्यांची फट दर वर्षी भावातून भरून निघाली पाहिजे. म्हणजे दहा वर्षांनी तो गाळा विक्रीचा खर्च आणि कर जाऊन पन्नास लाखांच्या आसपास हाती आला, तर बरोबरी. भाडं वाढत गेलं तर थोडा कमी आला तरी चालेल. पण ही नफ्याची गोष्ट नव्हे, फक्त बरोबरीची. गाळा पन्नास लाखांना गेला म्हणून गावभर मिरवणारा माणूस प्रत्यक्षात पोस्टाच्या खिडकीपाशीच येऊन उभा राहिलेला असतो.

आणि "भाव चढतोच" याचा पुरावा काय? एक गोष्ट. "आमच्या आबांनी २००० साली लाखाला घेतलेला प्लॉट आज आठ लाखांना मागतात." आठपट! ऐकूनच डोळे पांढरे होतात. पंचवीस वर्षांत आठपट म्हणजे वर्षाला पावणेनऊ टक्के, हे मात्र कुणी काढत नाही. त्याच २००० साली दहा ग्रॅम सोनं साडेचार हजारांच्या आसपास होतं. २०२५ मध्ये ते लाखाच्या पुढं गेलं. वीसपटीहून जास्त. आजीची पाटली आबांच्या प्लॉटला मागं टाकून गेली आणि तिला कुंपण घालायला लागलं नाही, तिच्यावर कुणी टपरी टाकली नाही. दुसरं, आपल्याला आठवतात ते चढलेले प्लॉट. ज्या लेआउटपासून रस्ता दूर गेला, ज्याचं एन.ए. अडकलं, ज्यावर भावकीचा दावा लागला, त्या प्लॉटच्या गोष्टी चहाच्या टेबलावर सांगितल्या जात नाहीत. त्या कोर्टाच्या आवारात सांगितल्या जातात.

कल्याण-विशाखापट्टणम आणि खामगाव-पंढरपूर असे दोन महामार्ग आपल्या गावात भेटतात, त्यामुळं इथल्या भावाला विशेष पंख फुटले आहेत. पण मला एक सांगा, उद्याचं गिऱ्हाईक या गाळ्याला जास्त पैसे कशापायी देईल? त्यातून जास्त भाडं येणार असेल तर. आणि जास्त भाडं कोण देईल? ज्या दुकानदाराचा धंदा वाढला तो. त्याचा धंदा कोण वाढवणार? दिंद्रुड, नित्रुड, तालखेड, गंगामसल्याहून बाजाराला येणारा माणूस. त्याच्या खिशात काय आहे? २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खालीच रेंगाळत होता. ज्याच्या मालाला हमीभाव मिळत नाही, त्याच्या जिवावर गाळ्याला मात्र हमखास भाव? महामार्गावरून गाड्या वाढल्या हे खरं. पण गाडी थांबली तर गिऱ्हाईक. ती भरधाव निघून गेली तर गाळ्याच्या वाट्याला धूळच. उत्पन्न न वाढता भाव वाढला तर त्याचा अर्थ एवढाच होतो की उतारा आणखी पडला आणि पुढचा खरेदीदार आपल्याहून भाबडा निघावा अशी आपली प्रार्थना आहे. प्रार्थनेला माझा विरोध नाही. तिला गुंतवणूक म्हणू नका.

कर्जवाल्यांचा हिशोब तर याहून सोपा. बत्तीसपैकी वीस लाख बँकेचे, अकरा टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी. हप्ता महिना २२ हजार ७०० च्या घरात. भाडं बारा हजार. "भाड्यातून हप्ता निघतो" म्हणणाऱ्यांनी उरलेले पावणेअकरा हजार कुठून निघतात ते एकदा सांगावं. पगारातून? मग हप्ता पगार भरतोय, भाडं त्याला हातभार लावतंय. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच सव्वादोन लाखांच्या जवळ जातं आणि संपूर्ण गाळ्याचं निव्वळ उत्पन्न आहे १ लाख १० हजार. अकरा टक्क्यांनी पैसा आणून साडेतीन टक्क्यांनी लावायचा, याला आमच्या मोंढ्यात काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही. कुणी आडत्या अकरा रुपयांची वस्तू साडेतीनला विकायला बसला तर गाव त्याला डॉक्टरकडं नेईल. गाळ्याच्या बाबतीत तेच केलं तर त्याचा सत्कार होतो.

"भाड्याच्या हिशोबात डिपॉझिट धरलंच नाही" असा एक आक्षेप हमखास येतो. धरू ना. लाखभर अनामत मिळाली तर ती परत करायची असते. ती उसनी आहे, उत्पन्न नव्हे. तिच्यावर सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला सात हजार. उतारा ३.४४ वरून ३.६६ वर. बस, एवढ्यासाठी एवढा आवाज?

रिकाम्या गाळ्याची फिलॉसॉफी मात्र ऐकण्यासारखी असते. "नको त्या माणसाला देण्यापेक्षा बंद बरा. भाव तर वाढतोय." गावातून चक्कर मारा. किती शटरवर "भाड्याने देणे आहे" आणि मोबाइल नंबर दिसतो ते मोजा, आणि त्यातले किती नंबर ऊन-पावसानं पुसट झालेत तेही मोजा. शेतकऱ्याला विचारा, तोडीची पाळी चुकली आणि ऊस उन्हाळ्यापर्यंत उभा राहिला तर काय होतं. वजन घटतं, उतारा घटतो. बंद गाळ्याचं तेच. वायरिंग उंदीर खातात, शटर गंजतं, घरपट्टी वाढतच राहते, आणि इमारतीचं वय कुणासाठी थांबत नाही. स्लॅबचं आयुष्य जमिनीएवढं नसतं. तीस-चाळीस वर्षांनी कॉम्प्लेक्समधल्या गाळेवाल्याच्या हातात जमिनीचा अविभक्त हिस्सा आणि शेजाऱ्यांशी भांडण उरतं. गाळा भाकरी मागत नाही म्हणता? मागतो. आवाज न करता मागतो, एवढंच.

आणखी एक खेळी आहे, ती जपून सांगतो. काही जण हिशोब करतातही, पण खरेदीखतावरच्या किमतीवर. कागदावर अठरा लाख, बाकी पिशवीत. मग १ लाख १० हजार भागिले अठरा लाख, उतारा सहाच्या वर, आणि माणूस खूश. पिशवीतले बारा लाख काय वाटेत सापडले होते? स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून कायद्यानं बंदी आहे, ती गोष्ट वेगळीच. पण नुसता स्वार्थ पाहिला तरी ही चूक महागात पडते. उद्या खरेदीदार बँकेचं कर्ज काढून पूर्ण रक्कम चेकनं देणारा भेटला, तर तुमचा कागदावरचा नफा फुगलेला दिसेल आणि त्यावर भांडवली नफ्याचा कर तुम्हीच भराल. स्वतःला फसवून काढलेला उतारा शेवटी स्वतःच्याच अंगावर उतरतो.

राहिला तो बुडण्याचा मुद्दा. त्याच्यामागं खरं दुःख आहे, म्हणून तो मी हसण्यावारी नेत नाही. ज्ञानराधा मल्टिस्टेटसह जिल्ह्यातल्या पतसंस्थांत माणसांच्या आयुष्याच्या ठेवी अडकल्या. लग्नं थांबली, उपचार थांबले, माणसं कार्यालयांच्या दारात बसली. त्यानंतर "पैसा गाळ्यात घाला" हे वाक्य जिल्ह्यात मंत्रासारखं फिरलं. पण या दुःखातून आपण धडा कोणता काढला? बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हे ठेव ठेवताना किती जणांनी विचारलं? बाकीच्यांपेक्षा एवढं जास्त व्याज ही संस्था आणते कुठून, हे किती जणांनी विचारलं? तेव्हा आपण फक्त टक्का पाहिला, त्यामागचं उत्पन्न पाहिलं नाही. आता गाळ्यात आपण टक्काही पाहत नाही आणि उत्पन्नही पाहत नाही. ही सुधारणा कशी? खड्ड्यात पडलेल्या माणसानं डोळे उघडून चालायला शिकावं. त्यानं डोळ्यांवर पट्टी बांधून दुसरी वाट धरली तर तिला शहाणपण म्हणायचं का?

म्हणूनच उलट बाजूच्या टक्केबाजांनाही एक फटका देऊन ठेवतो. "बारा टक्के उतारा, सर, लगेच इसार द्या" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. उतारा जास्त म्हणजे गाळा चांगला, असं नसतं. बऱ्याचदा त्याचा अर्थ जोखीम जास्त असाच असतो. एखाद्या बँकेनं लांब मुदतीच्या करारानं घेतलेला गाळा सात टक्क्यांनी बरा, आणि वर्षात तीन भाडेकरू बदललेला गाळा दहा टक्क्यांनीही महाग. मोठ्या शहरांतल्या कार्यालयीन इमारतींचं मूल्यांकन करणारे लोक, ज्यांच्याकडे नामांकित भाडेकरू आणि वर्षानुवर्षांचे करार असतात, तेही साधारण आठ टक्क्यांच्या आसपास उतारा धरतात. बहुराष्ट्रीय कंपनी भाडेकरू असलेल्या इमारतीला आठ टक्के, आणि मेहुण्याच्या मित्राला दिलेल्या गाळ्याला साडेतीन? आपल्या गाळ्यात जोखीम निम्म्याहून कमी आहे असं म्हणायचंय का? छातीवर हात ठेवून सांगा.

आता उतारा नेमका कशाला वापरायचा ते बघा, कारण खरी गंमत तिथं आहे. भाव दिलेला असताना उतारा निघतो, तसाच उतारा ठरवला की भाव निघतो. १ लाख १० हजार निव्वळ उत्पन्नावर मला सात टक्के हवेत, तर गाळ्याची किंमत सगळे खर्च धरून पंधरा लाख सत्तर हजार. सहा टक्क्यांवर समाधान मानलं तर अठरा लाख तेहतीस हजार. बत्तीस कुठं, अठरा कुठं! हा तेरा-चौदा लाखांचा फरक म्हणजे "डोळे झाकून घ्या" या तीन शब्दांचं मोल. एवढे महागडे शब्द तुकोबांच्या गाथेतही नसतील, आणि तिथं ते फुकट मिळतात.

मध्यस्थ म्हणेल, "अठराला कुणी देणार नाही." नको देऊ. मोंढ्यात पटला नाही भाव तर शेतकरी गाडी परत नेतो, लाजत नाही. व्यापारी न परवडणारा माल सोडून देतो, लाजत नाही. मग न परवडणारा गाळा सोडताना आपल्याला कसली लाज? न घेणं हाही व्यवहारच आहे, आणि पुष्कळदा तोच सर्वांत फायद्याचा असतो. हवा तर स्वतःच्या दुकानासाठी घ्या. वाचलेलं भाडं हेच तुमचं उत्पन्न, तोच भागाकार करा. प्रतिष्ठेसाठी घ्यायचा तर तसं सरळ सांगा. प्रतिष्ठा विकत घेणं गुन्हा नाही. फक्त तिला गुंतवणूक म्हणून मास्तरांच्या गळ्यात बांधू नका. त्यांची पुंजी चाळीस वर्षं खडू झिजवून जमली आहे.

या तालुक्यात अडाणी माणूससुद्धा जमीन घेताना तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा काढतो, बोजा आहे का बघतो, नावं वाचून घेतो, मगच इसाराला हात घालतो. बाप-आजोबांनी ठेच खाऊन घालून दिलेली ही शिस्त आहे आणि ती कुणी मोडत नाही. माझं म्हणणं त्याच्याहून एक ओळही मोठं नाही. उतारे दोन काढा. मालकी कुणाची ते पहिला सांगेल, मोल किती ते दुसरा. दुसरा काढायला तलाठी लागत नाही, वशिला लागत नाही, चहाच्या बिलामागं पेन्सिलीनं निघतो. तो जो काढू देत नाही, त्याच्याकडून गाळा घेऊ नका.